आर्थरसाठी रडलो, तात्यांसाठी नाही

पत्र:

ताई,

मी २५ वर्षांचा आहे. घर इचलकरंजीला, नोकरी पुण्यात, आठवड्यातले चार दिवस रात्रपाळी. गेम खेळायची आवड शाळेपासूनची. गेल्या महिन्यात मी 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा जुन्या अमेरिकेतल्या लुटारूंच्या टोळीवरचा गेम खेळत त्याचा नायक आर्थर मॉर्गन मरतो तिथपर्यंत आलो. पहाटेचे साडेतीन वाजले होते. हेडफोन काढला आणि मला रडू आवरेना. रूममेट जागा झाला, त्याला वाटलं घरून काही वाईट फोन आला. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. गेम अजून पुढं शिल्लक आहे, पण तो जॉन मार्स्टन या दुसऱ्या पात्राला घेऊन खेळायचा असतो. मी तो उघडलेलाच नाही. आर्थरच्या जागी दुसऱ्याला चालवायचं हे मला जमत नाही.

दादाला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "कार्टूनसाठी रडतोस? तात्या गेले तेव्हा तर तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं."

तात्या म्हणजे माझे आजोबा. आयुष्यभर मागावर काम केलं त्यांनी. मागांच्या आवाजानं कान गेले होते, फोनवर ओरडूनच बोलावं लागायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांना टीबी निघाला. लोक काय म्हणतील म्हणून खोकला त्यांनी बरेच महिने लपवला होता. त्यात साखर. घरात त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. माझी नोकरी नवीन, सुट्टी मिळेना, दोनदाच येऊन गेलो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले. शेवटचं बोलणं झालं तेव्हा गोळ्या चुकवल्या म्हणून मी चिडून फोन ठेवला होता. माती झाली, रक्षाविसर्जन झालं, दाखल्यासाठी महापालिकेत, बँकेत मीच पळत होतो. रडू आलंच नाही.

हे नॉर्मल आहे का? गेममधल्या माणसासाठी रडून मी तात्यांचा अपमान केला का? दादा म्हणतो तसा गेम उडवून टाकू का?

एक नातू


उत्तर:

प्रिय नातवा,

सही तू अशी केली आहेस, म्हणून मीही याच नावानं हाक मारते. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला महिना लागला, कारण आर्थर कोण हे न बघता त्याच्याबद्दल बोलणं मला बरं वाटेना. माझ्या भाच्याकडे हा गेम आहे. चार रविवार मी त्याच्या शेजारी बसले. होऊन गेलेली मिशन, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्या, पुन्हा खेळता येतात म्हणे, त्यामुळं त्यानं मला सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे मोठे प्रसंग ओळीनं दाखवले. ज्या वाचकांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी इथंच थांबावं, कारण आर्थरबद्दल लिहिताना त्याचा शेवट लिहावा लागणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता येतं, कारण ते मी लहानपणीच पाहिलेलं आहे. माझं बालपण कुडाळजवळच्या एका गावात गेलं. जत्रेच्या रात्री दशावतार असायचा. हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की आजी मला पुढं घेऊन बसायची. रोहिदास साप चावून गेलेला, तारामती त्याला मांडीवर घेऊन स्मशानात बसलेली आणि डोंबाच्या चाकरीत असलेला तिचा स्वतःचाच नवरा तिच्याकडं मढं जाळायचा कर मागतोय. मांडवातल्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या असत. तारामती झालेला माणूस शेजारच्या वाडीतला होता, पावसाळ्यात आमच्याकडं भात लावायला यायचा. आजीला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? सकाळी तोच माणूस तोंडावरचा रंग पुसत आमच्या पडवीत चहाला बसायचा आणि आजी त्याला म्हणायची, "दमलंस रे झिला." रात्रीचं तिचं रडणंही खरं होतं आणि सकाळचा चहाही.

याचा विचार आपल्याकडं फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात करुण हा एक रस आहे, शोक हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव. पुढं भट्टनायक या शास्त्रकारांनी साधारणीकरण हा शब्द दिला. समोर दिसणारं दुःख त्या एका पात्राचं राहत नाही आणि बघणाऱ्याचं खासगीही राहत नाही, ते सगळ्यांचं होऊन जातं. ज्याला असं होतं त्याला आपले शास्त्रकार सहृदय म्हणत. तुझ्या दादाला हा शब्द सांगायला हरकत नाही. वाद घालायला मात्र वापरू नकोस, दादाकडं मी नंतर येणारच आहे.

आणि 'कार्टून' हाही शब्द चुकीचा आहे. आर्थरचा आवाज, त्याची चाल, खांदे पाडून बसणं, बोलता बोलता मध्येच येणारी खोकल्याची उबळ, हे सगळं रॉजर क्लार्क नावाच्या नटानं केलं आहे. त्याच्या हालचाली टिपून त्या चित्रात उतरवल्या आहेत. त्या कामासाठी २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये त्याला उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक मिळालं. म्हणजे तुला हेडफोनमधून ऐकू आला तो खोकला कुणीतरी खऱ्या छातीतून काढलेला आहे.

पण नातवा, तुझं रडणं आजीच्या रडण्यासारखंच आहे असं म्हणून मी पत्र संपवलं तर ते अर्धवट होईल. आजी मांडवात बसून बघत होती. तू पन्नास-साठ तास त्या माणसाच्या जागी होतास. त्याला जेवू घातलंस, त्याची दाढी केलीस, त्याच्या वहीतली चित्रं उलटून पाहिलीस. त्याच्या घोड्याला खरारा केलास, गाजरं दिलीस, बिथरला की मानेवर थोपटून शांत केलंस. हा गेम माणसाचा आणि घोड्याचा लळा असा हळूहळू वाढवत नेतो. म्हणून शेवटच्या पाठलागात घोड्याला गोळी लागते आणि मागून माणसं येत असतानाही आर्थर त्याच्यापाशी गुडघे टेकून त्याचे आभार मानतो, तेव्हा माझा भाचा, जो हे तिसऱ्यांदा बघत होता, तो उठून पाणी प्यायला गेला. मी काही विचारलं नाही. कादंबरीतलं माणूस गेलं तर आपण पान उलटतो. इथं लगाम तुझ्या हातात होता. जे हातांनी केलेलं असतं ते डोक्यानं समजून घ्यायला वेळ लागतो.

आता जे मला खरं बोलायचं आहे त्यावर येते.

आर्थरलाही टीबीच होतो, आणि गेममधलं साल १८९९ आहे. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू शोधून काढल्याचं १८८२ मध्ये जाहीर केलं होतं, म्हणजे आजार कशानं होतो हे जगाला कळलेलं होतं. औषध मात्र नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्यामुळं आर्थर सेंट डेनिस या गेममधल्या शहराच्या रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर त्याला तपासतो, तेव्हा त्या डॉक्टरच्या हातात काहीच नाही. कुठंतरी उबदार, कोरड्या हवेत जा, विश्रांती घे, एवढंच तो सांगू शकतो. आपल्याकडंही पाचगणीसारख्या ठिकाणी क्षयाची सॅनिटोरियम होती ती याच समजुतीवर. निदान ऐकून आर्थर बाहेर पडतो. त्याच्यावर कुणी चिडावं असं त्यात काही नाही. गोळ्या नव्हत्याच, मग चुकवणार कुठून?

तात्यांच्या वेळी गोळ्या होत्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. वेळेत कळलं आणि नेमानं घेतल्या तर साधारण सहा महिन्यांत बरा होणारा आजार आहे हा. तू पुण्यात बसून हे सगळं फोनवर वाचलं असशील, आणि म्हणून तुला तात्यांचा राग आला. खोकला का लपवला याचा राग, गोळ्या का चुकवल्या याचा राग, रजा न देणाऱ्या साहेबाचा राग आणि घरात वेगळ्या ठेवलेल्या ताट-वाटीचाही राग. मला वाटतं तुझ्या रडण्याच्या वाटेत हा राग उभा होता. जो मरायला नको होता त्याच्यासाठी रडण्याआधी माणूस भांडतो. तू भांडलास, फोन ठेवलास, आणि भांडण मिटायच्या आत तात्या गेले.

वर्षभरानं तोच खोकला तुला हेडफोनमधून ऐकू आला. तीच बसलेली गालफडं, तेच लाल डोळे, पायऱ्या चढताना तसंच थांबणं. या वेळी रागवायला कुणी नव्हतं. वाटेतला दगड नव्हता, म्हणून पाणी आलं. आर्थरसाठी रडून तू तात्यांचा अपमान केला नाहीस, हे मी तुला अगदी ठामपणे सांगते. तू आर्थरसाठीही रडलास आणि त्याच वेळी तात्यांसाठीही. किती कुणासाठी याचा हिशेब मांडू नकोस.

तुझ्या पत्रात त्या फोनला एकच ओळ मिळाली आहे. गेमबद्दल तू भरभरून लिहिलंस आणि ती ओळ महापालिका आणि बँकेच्या आधी घाईघाईनं उरकलीस. ती वाचताना मला थॉमस डाऊन्स आठवला, आणि मला वाटतं तुलाही तो विसरता येत नसावा.

इतर वाचकांसाठी सांगते. आर्थर एका टोळीत आहे आणि त्या टोळीतला स्ट्रॉस नावाचा माणूस गरजूंना व्याजानं पैसे देतो. वसुली आर्थरकडं. थॉमस डाऊन्स हा असाच एक कर्जदार, आधीच खंगलेला. आर्थर त्याच्या शेतावर जाऊन बायको-मुलासमोर त्याला मारतो आणि मार खाताना तो माणूस आर्थरच्या तोंडावर रक्त खोकतो. आजार तिथून लागतो. हा प्रसंग पुढं ढकलता येतो, टाळता येत नाही. त्याच्या दाराशी घोडा आपल्याच हातानं न्यावा लागतो. त्या वेळी तो फार मोठा वाटत नाही, मारामाऱ्यांच्या गर्दीतली आणखी एक वाटते. कितीतरी तासांनी कळतं की सगळं तिथं ठरलं होतं.

तुझा फोन असाच होता. ठेवताना नेहमीसारखाच एक फोन होता. तो शेवटचा आहे हे तुला माहीत नव्हतं, तात्यांनाही नव्हतं. फरक इतकाच की आर्थर वसुलीला गेला होता आणि तू काळजीनं ओरडला होतास. ज्या माणसाशी चांगलं बोलायचं तरी ओरडूनच बोलावं लागायचं, त्याला तुझं त्या दिवशीचं ओरडणं किती लागलं असेल, मला सांगता येणार नाही. कदाचित लागलं असेल. 'त्यांनी मनावर घेतलं नसेल' असं मी म्हणणार नाही, कारण ते तुलाच पटणार नाही आणि मग तू माझं बाकीचंही ऐकणार नाहीस.

आर्थर पुढं काय करतो ते मात्र बघ. डाऊन्सची बायको एडिथ आणि मुलगा आर्ची त्याला पुन्हा भेटतात. घर गेलेलं असतं, मुलगा खाणीवर राबत असतो, आईवर फार वाईट दिवस आलेले असतात. आर्थर त्यांना संकटातून सोडवतो, इथून निघून जाता यावं म्हणून पैसे देतो. एडिथ त्याला प्रेमानं जवळ करत नाही, तिनं करावं तरी का? तोही माफी पदरात पडेपर्यंत थांबत नाही. तळावरून स्ट्रॉसला हाकलून देतो, व्याजाचा धंदा बंद. ज्याला मारलं तो गेलेला आहे, त्याच्याशी बोलणं आता होणार नाही, पण त्याच्या माणसांसाठी काही करता येतं. हा भाग ऐच्छिक आहे असं भाचा म्हणाला. तू तो खेळला असशील असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. खेळला असशील तर ते तुझ्या हातांनी एकदा केलेलं आहे.

तू मदतीची ती लहान-मोठी कामं केली असशील तर एका रेल्वे स्टेशनावर तुला सिस्टर काल्डेरॉन ही नन भेटली असेल. तिथं बाकावर बसून तो दांडगा माणूस पहिल्यांदा कबूल करतो की मला भीती वाटते. भाच्यानं तो प्रसंग लावला आणि मी त्याला थांबवायला सांगितलं. माझे काका दम्यानं गेले. आम्ही सगळे त्यांना 'काही होत नाही हो' म्हणत राहिलो. भीती वाटते का, हे त्यांना आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. त्याला आता २२ वर्षं झाली. तात्यांनाही कुणी विचारलं नसेल. खोकला लपवणारा माणूस भीतीच तर लपवत असतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी. लागून दोन दिवस सुट्टी काढ आणि घरी जा. आईजवळ बस, आजी असतील तर त्यांच्याजवळ बस, आणि जे महिने तू बघितले नाहीस ते त्यांना विचार. तात्या रात्री झोपायचे का? काय खावंसं वाटायचं? कुणाची आठवण काढायचे? गोळ्या का नको म्हणायचे? टीबीच्या गोळ्यांनी अनेकांना मळमळतं, काहीच जात नाही पोटात, त्यात साखरेच्या गोळ्या वेगळ्या. त्यांनी गोळ्या चुकवल्या त्यामागं हट्टापेक्षा त्रास असेल, आणि तो घरातल्यांनी पाहिलेला असेल. हे ऐकताना तुला तिथंच रडू येईल. येऊ दे. आईसमोर रडायला आपल्याकडच्या मुलग्यांना मोठं झाल्यावर कुणी परवानगी देत नाही, ती तूच घे.

ताट-वाटीबद्दल घरात भांडू नकोस. टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताट-वाटीतून, कपड्यांतून तो लागत नाही. हे आईला माहीत नव्हतं आणि सांगणारंही कुणी नव्हतं. तुझ्या रागाच्या यादीत आईचं नाव असेल तर ते हळूच काढून टाक. आजारपण तिनं काढलं आहे. त्यावरून आणखी एक, सल्ल्याच्या सदरात शोभत नसलं तरी सांगते: घरात ज्यांनी तात्यांची सेवा केली त्या सगळ्यांची तपासणी झाली होती का, हे विचार. झाली नसेल तर करून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणालाही असेल तर लगेच सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला द्या, पैसे पडत नाहीत. एडिथसाठी आर्थरनं जे केलं त्यातलं तुला लगेच करता येण्यासारखं हे आहे.

आता दादा. तो हसला याचं तुला वाईट वाटलं. पण त्याचं वाक्य मी पुन्हा वाचलं तेव्हा मला त्यात हसू सापडलं नाही. वर्षभरापूर्वी तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं हे त्यानं पाहिलं आणि लक्षात ठेवलं. तो कुठं होता तेव्हा? तू लिहिलेलं नाहीस. तो घरी असेल तर दवाखान्याच्या खेपा त्यानंच घातल्या असतील, रात्री तात्यांना उठवून बसवलं असेल. मग त्याच्या बोलण्याचा अर्थ 'तू नव्हतास' असा आहे, आणि ते त्याला सरळ म्हणता येत नाही, जसं तुला 'माझं चुकलं' असं सरळ लिहिता आलं नाही. त्याला गेम पटवून देण्याच्या भानगडीत पडू नकोस. "तू सगळं एकट्यानं केलंस, मी नव्हतो," एवढं म्हण. माझा अंदाज चुकला तरी या वाक्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

गेम उडवून टाकू नकोस. पुढचा भाग खेळ. तो मी पाहिला आहे, आणि तुझं सुख हिरावून घ्यायचं नाही म्हणून थोडंच सांगते. साल १९०७ उजाडतं. ज्याला वाचवताना आर्थर गेला तो जॉन एक जमीन घेतो आणि घर बांधतो. खिळे ठोकायचं काम खेळणाऱ्यालाच करावं लागतं. आर्थरची वही त्याच्याकडं आलेली असते. तो त्याच वहीत पुढं लिहितो, चित्रं काढतो. चित्रं आर्थरइतकी चांगली नसतात, हात कच्चा आहे हे लगेच दिसतं. मला ती फार आवडली. आणि डोंगरावर एक जागा आहे. तिथं कुणी पाठवत नाही, स्वतःहून जावं लागतं. जॉनला घेऊन जा. आर्थरच्या जागी दुसऱ्याला चालवणं जमत नाही असं तू लिहिलंस, पण जॉन त्याच्या जागी येत नाही, त्याच्या मागं राहिलेला आहे, तुझ्यासारखा.

फक्त हे पहाटे साडेतीनला, रात्रपाळीनंतर, उपाशीपोटी खेळू नकोस. रविवारी दुपारी जेवून खेळ. न झोपलेल्या माणसाचं दुःख दुपटीनं वाढतं. आणि लगेच असाच दुसरा गेम शोधायला जाऊ नकोस. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' नावाचा एक गेम आहे, रायन आणि एमी ग्रीन या आई-वडिलांनी आपल्या आजारी मुलावर केलेला. मुलगा २०१४ मध्ये गेला, गेम २०१६ मध्ये आला. फार प्रामाणिक काम आहे, कधीतरी खेळ, पण या वर्षी नको. त्यापेक्षा पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घे. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट आहे, आपल्या देवादिकांच्या, हवेली-वाड्यांच्या चित्रांनी भरलेली. दादा शेजारी बसून बघेल असा आहे.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेव. दोन-तीन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामावर पुन्हा पुन्हा दांड्या होत असतील, किंवा जगण्यात काही अर्थ नाही असं मनात येत असेल, तर वाट बघत बसू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. पुण्यात समुपदेशकही आहेत. एका रात्रीच्या रडण्याला आणि एका सुट्टीला मी आजार म्हणणार नाही, पण एका महिन्यानंतरही तसंच चालू असेल तर ते मला तुझ्याकडून कळायला हवं.

शेवटचं काम. एक साधी वही आण. शंभर पानी, शाळेची चालेल. आईनं आणि आजीनं जे सांगितलं ते तिच्यात लिही, तारीख घालून. तू तात्यांबद्दल पत्रात माग आणि आजारपण एवढंच लिहिलंस, ते माणूस म्हणून कसे होते ते मला कळलंच नाही. चहा बशीतून प्यायचे की कपातून? मागावरून आल्यावर कपाळावर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे का? तुला पहिल्यांदा कारखान्यात घेऊन गेले तेव्हा काय दाखवलं? मधे मधे चित्रं काढ, येत नसली तरी काढ, जॉनलाही येत नव्हती. मी जन्मात मागाचा धोटा हातात घेतलेला नाही. तात्या तो कसा धरायचे, ते पहिल्या पानावर काढ आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

तुझी,
ताई